पेशा आणि पात्र : भूमिकाखेळांतील नायकप्रकार व खेळाडूंची आवड

१९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून एक खोका विक्रीस आला. लाकडाच्या रेषांसारखी छपाई असलेले वेष्टन, आत तीन लहान पुस्तिका, किंमत दहा डॉलर आणि पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाचा हा आरंभ होय. खेळाचे स्वरूप थोडक्यात असे : टेबलाभोवती मंडळी बसतात, त्यांतील एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो, उरलेले प्रत्येकी एका पात्राच्या वतीने बोलतात आणि कृती करतात, जेथे परिणाम अनिश्चित असेल तेथे फासे निर्णय देतात. पहिल्या पुस्तिकेने खेळणाऱ्यापुढे सर्वप्रथम जो प्रश्न ठेवला तो म्हणजे, आपले पात्र कोण असेल? त्याला तीनच उत्तरे उपलब्ध होती : योद्धा, जादूगार आणि क्लेरिक, म्हणजे चिलखत घालून लढणारा धर्मोपदेशक. त्यानंतरच्या अर्धशतकात या तिन्हींची संख्या बारापर्यंत गेली, मधूनमधून त्याहूनही वाढली. त्यांतील कोणता प्रकार कोणाला का आवडला, हा वरवर पाहता छंदिष्टांच्या गप्पांचा विषय. परंतु तुलनाकाराला ज्याची सहसा संधी मिळत नाही अशी एक गोष्ट येथे हाती लागते. नायकाचे साचे वाङ्मयातून उचलले गेले, नियमांत बसविले गेले आणि मग प्रत्यक्ष वाचकांपुढे निवडीसाठी ठेवले गेले. वाचकांनी त्यांतून काय घेतले व काय नाकारले, याची नोंदही मागे राहिली.

इंग्रजीत या प्रकारांना 'क्लास' ही संज्ञा आहे. मराठीत 'वर्ग' म्हणावे तर अर्थशास्त्र आड येते, 'वर्ण' म्हणावे तर धर्मशास्त्र. ही अडचण केवळ शब्दाची नाही, हे पुढे स्पष्ट होईल. तूर्त 'पेशा' हा शब्द सोयीचा आहे. त्यात शिकलेले कौशल्य, त्यावरचा उदरनिर्वाह आणि त्यातून येणारी वागण्याची रीत या तिन्ही छटा आहेत.

नायकांचे वर्गीकरण ही काही नवी गोष्ट नव्हे. भरताने नायकाचे धीरोद्धत, धीरललित, धीरोदात्त आणि धीरप्रशान्त असे चार प्रकार सांगितले आणि त्यांची सांगड थेट सामाजिक स्थानाशी घातली : देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वणिक धीरप्रशान्त. थिओफ्रास्टसने तीस स्वभावचित्रे रेखाटली. व्लादिमिर प्रॉपने १९२८ साली रशियन अद्भुतकथांतील पात्रे त्यांच्या कथागत कार्यांनुसार मोजक्या भूमिकांत बसविली. या साऱ्यांत एक समान गृहीत आहे. कृती आधी असते. अभ्यासक नंतर येतो आणि तिच्यातून प्रकार वेगळे काढतो. भूमिकाखेळात हा क्रम उलटा होतो. प्रकार आधी, कथा नंतर. पात्राचा पेशा ठरतो त्या क्षणी त्याला ना भूतकाळ असतो ना प्रसंग. कधीकधी नावही नसते.

ही उलटापालट कोणा सिद्धान्तकाराच्या मनात उपजलेली नव्हती. तिचे मूळ युद्धखेळांत आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१मधील 'चेनमेल' या खेळात छोट्या आकृत्यांच्या पलटणी एकमेकींवर चालून जात. त्याच्या अद्भुत विषयावरील पुरवणीत 'हीरो' नावाची एक आकृती होती. तिचे बळ चार सैनिकांइतके, 'सुपरहीरो'चे आठांइतके. १९७४च्या पुस्तिकेत योद्ध्याच्या चौथ्या पायरीला 'हीरो' आणि आठव्या पायरीला 'सुपरहीरो' अशी पदवी मिळते, तिचा उगम हा. नायकत्व हा येथे गुण नसून गुणाकार आहे, ही गंमत वाङ्मयाच्या अभ्यासकाने दृष्टीआड करू नये. दुसरा धागा मिनेसोटातला. डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ साली नेपोलियनकालीन एका काल्पनिक जर्मन गावावर खेळ रचला आणि प्रत्येक खेळाडूला पलटणीऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्या मंडळींपैकीच आर्नेसन यांनी १९७१च्या सुमारास 'ब्लॅकमूर' ही आपली काल्पनिक भूमी उभी केली. पलटणीचा प्रकार आणि एकट्या माणसाची भूमिका यांच्या मीलनातून पेशा जन्मला.

तीन मूळ पेशांपैकी सर्वांत विलक्षण जन्मकथा क्लेरिकची आहे. ब्लॅकमूरमध्ये एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले आणि 'सर फँग' या नावाने ते इतके प्रबळ झाले की त्याला आवर घालणारे कोणीतरी हवे झाले. तेव्हा इंग्लंडच्या हॅमर चित्रपटसंस्थेच्या ड्रॅक्युलापटांत पीटर कुशिंग यांनी रंगविलेला व्हॅन हेल्सिंग आठवला गेला. क्रूस उगारून पिशाचाला मागे हटविणारा एक धर्मपुरुष पटावर आला. मृतयोनींना परतविण्याची जी शक्ती आजही या पेशाची ओळख आहे, ती अशी बायबलमधून नव्हे तर चित्रपटगृहातून आली. बायबलमधून आले ते मंत्र : काठ्यांचे साप करणे, टोळधाड आणणे हे थेट निर्गमाच्या कथेतले. क्लेरिकने धारदार शस्त्र वापरू नये हा नियम मध्ययुगीन धर्मपुरुषांविषयीच्या एका लोकप्रिय समजुतीवर उभा आहे. अकराव्या शतकातील बायो येथील भरतकामाच्या पटावर बिशप ओडो हेस्टिंग्जच्या रणात दंडा उगारलेला दिसतो. त्यावरून, रक्त सांडू नये म्हणून धर्मपुरुष गदा वापरीत, असा अर्थ काढला गेला. पण 'रोलांचे गीत' या प्राचीन फ्रेंच महाकाव्यातला आर्चबिशप तुर्पँ 'अल्मास' नावाची तलवार परजतो आणि कोणाचेही रक्त सांडण्यास कचरत नाही. अर्थात महाकाव्य एका बाजूस राहिले आणि पटावरच्या दंड्याने नियम घडविला.

क्लेरिकच्या चढत्या पदव्यांची यादी तर स्वतंत्र टिपणाचा विषय आहे. गावचा पाद्री, व्हिकर, क्युरेट, बिशप अशा पायऱ्या चढत पात्र एकदम 'लामा' होते आणि त्यानंतर 'पॅट्रिआर्क'! बिशप आणि पॅट्रिआर्क यांच्यामध्ये तिबेटी बौद्ध गुरूला बसविताना रचनाकारांना काहीच खटकले नसावे. शब्दकोश उघडून भारदस्त शब्द वेचावेत तशी ही वेचणी आहे. त्या काळच्या अमेरिकन लोकप्रिय वाङ्मयाची सगळी जगभरारी अशीच होती.

इतक्या समृद्ध वंशावळीचा हा पेशा आवडता मात्र कधी झाला नाही. तो आवश्यक झाला. जखमा भरून काढणारा दुसरा कोणी नसल्याने प्रत्येक मंडळीत एक क्लेरिक लागे, आणि तो कोणी व्हायचे हा प्रश्न पिढ्यान्पिढ्या तक्रारवजा विनोदाचा विषय राहिला. पुढील आवृत्त्यांच्या रचनाकारांनी ही नाराजी ओळखली होती. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत क्लेरिकला कोणताही तयार मंत्र ऐनवेळी उपचारात बदलण्याची मुभा मिळाली, म्हणजे दिवसभर केवळ औषधपाण्याची तजवीज करत बसणे टळले. २००८च्या चौथ्या आवृत्तीत तर धर्माशी संबंध नसलेला, नुसत्या प्रोत्साहनाने सोबत्यांना उभे करणारा 'वॉरलॉर्ड' आणला गेला. आवश्यकता आणि आवड या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे नाटकमंडळ्यांच्या इतिहासातही दिसते. मात्र येथे ते नियमांच्या फेरफारांत जणू तारीखवार वाचता येते.

जादूगाराची गोष्ट निराळी. त्याची जादू टोल्किनकडून आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते, ते चूक आहे. गँडाल्फ 'ग्लॅमड्रिंग' ही तलवार घेऊन लढतो. १९७४चा जादूगार खंजिराखेरीज दुसरे शस्त्र धरू शकत नाही. त्याच्या मंत्रविद्येचा खरा स्रोत जॅक व्हान्स यांचा 'द डाइंग अर्थ' हा १९५०मधील कथासंग्रह होय. तेथे मंत्र मोठ्या प्रयासाने मनात साठवावा लागतो आणि उच्चारला की स्मृतीतून पुसला जातो. पहिल्या पायरीवरच्या जादूगाराजवळ असा एकच मंत्र असतो; तो वापरला की दिवस संपेपर्यंत तो एक निःशस्त्र, दुबळा गृहस्थ. ऐनवेळी विद्या विसरण्याच्या शापाने ग्रासलेला कर्ण भारतीय वाचकाला येथे आठवावा हे स्वाभाविक आहे. परंतु साम्य विस्मृतीपुरतेच. कर्णाच्या विस्मृतीमागे परशुरामाचा शाप, शापामागे जन्माविषयीचे असत्य, आणि असत्यामागे एक अख्खी समाजव्यवस्था उभी आहे. व्हान्सच्या जादूगाराच्या विस्मृतीमागे काहीच नाही. ती निव्वळ हिशेबाची बाब आहे, आणि म्हणूनच ती नियमात सहज मावली.

हा हिशेब काही खेळाडूंना विशेष प्रिय होता. 'विझर्ड' या अकराव्या पायरीपर्यंत पोहोचण्यास तीन लक्ष अनुभवगुण लागत. तेवढा धीर असलेल्यांनी आपली नावेही मागे ठेवली. गायगॅक्स यांचा मोर्डेनकायनेन, त्यांच्या थोरल्या मुलाचा टेन्सर, जेम्स वॉर्ड यांचे नाव उलटे लिहून तयार झालेला ड्रॉमिज : ही मुळात कोणाकोणाची खेळातली पात्रे, आता मंत्रांच्या नावांत कायमची जडली आहेत. योद्ध्यांच्या वारांना मात्र अशी कोणाची नावे लागली नाहीत. १९८४ साली मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची 'ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट' ही कादंबरी आली आणि तिच्यातील रेस्टलिन या जादूगाराने एक वेगळेच वळण दिले. नियमांतला जादूगार दुबळा होता तो समतोल साधण्यासाठी. कादंबरीने त्या दौर्बल्याचा खोकला केला, झिजलेले शरीर केले, बलवान जुळ्या भावाविषयीची असूया केली. वापरलेला मंत्र विसरण्याचा नियमही कथेत जसाच्या तसा आला, पण आता त्यात थकवा आणि अपमान होता. व्हान्सच्या कथेतून नियमात आणि नियमातून पुन्हा कथेत असा हा प्रवास. पहिल्या टप्प्यात जे गळाले होते ते दुसऱ्या टप्प्यात दुसऱ्याच रूपाने परत आले. त्या पिढीतल्या अनेकांचा आवडता पेशा जादूगार झाला तो नियमपुस्तिकेमुळे नव्हे, रेस्टलिनमुळे, असे मानण्यास जागा आहे.

चौथा पेशा चोराचा. त्याची कल्पना मुळात रचनाकारांची नव्हती. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका येथील छंदवस्तूंच्या एका दुकानाभोवती खेळणाऱ्या मंडळींकडून ती १९७४मध्येच गायगॅक्स यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९७५च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत अधिकृत झाली. वाङ्मयीन पूर्वजांची मात्र तयारीच होती. फ्रिट्झ लायबर यांचा ग्रे माउसर १९३९पासून मासिकांतून भुरट्या चोऱ्या करीत होता. व्हान्स यांच्या कुगेलने चुकीचा मंत्र म्हणून शत्रूऐवजी स्वतःलाच जगाच्या टोकाला फेकून घेतले होते, आणि वरच्या पायरीच्या चोराला मंत्रपट वाचता यावा पण कधीकधी तो उलटावा, या नियमात कुगेलची सावली स्पष्ट दिसते. चोर लगेच आवडता झाला. त्याचे एक कारण अगदी साधे असावे : दुसऱ्या पायरीस योद्ध्याला दोन हजार गुण लागत, चोराला बाराशे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पहिल्या तीन पेशांचे मुख्य काम संकटाला तोंड देण्याचे. चोराचे काम ते टाळण्याचे. कथेत लपणे, चढणे, ऐकणे या क्रियांना त्याने प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे २००० साली 'चोर' हे नाव जाऊन 'रोग' असे सौम्य नाव आले. पेशा लोकप्रिय झाला की त्याचे नाव प्रतिष्ठित करावे लागते, हा अनुभव केवळ खेळातला नाही.

पॅलाडिन हाही 'ग्रेहॉक'मधलाच. शब्द रोममधील पॅलाटिन टेकडीवरून निघाला, शार्लमेनच्या बारा सरदारांना चिकटला आणि पोल अँडरसन यांच्या 'थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स' या कादंबरीतून खेळात उतरला. दुसऱ्या महायुद्धात लढणारा डॅनिश अभियंता होल्गर दुसऱ्या जगात जाऊन पडतो आणि तो स्वतःच ओजिए हा पुराणवीर असल्याचे उघड होते, असे तिचे कथासूत्र आहे. पॅलाडिन होण्यास 'करिष्मा' या गुणाचा आकडा किमान सतरा हवा. तीन फाशांवर सतरा किंवा अठरा येण्याची शक्यता २१६मध्ये ४, म्हणजे चौपन्नात एक. शिवाय एक जरी दुर्वर्तन घडले तरी पद जाई, ते कायमचे. रचनाकारांचा हेतू उघड आहे : हा पेशा विरळा राहावा. नेमके उलटे घडले. विरळा म्हणून तो हवासा झाला, आणि हवासा झाला म्हणून फाशांचे नियमच सैल करावे लागले. १९७९च्या सूत्रधार-मार्गदर्शिकेत गुण ठरविण्याच्या पर्यायी रीती देण्यात आल्या. त्यांतील एकीत चार फासे टाकून सर्वांत लहान आकडा सोडून द्यावयाचा असे. या सवलतीमागे एकटा पॅलाडिन होता असे नव्हे, पण दुर्मीळतेचे गणित तिने मोडले हे खरे. नैतिक अटीचेही तसेच. पद जाण्याच्या भीतीने टेबलावर जे वाद झाले त्यांतून पॅलाडिनची दोन चित्रे रूढ झाली, एक धर्मसंकटात सापडलेल्या सत्शील वीराचे आणि दुसरे सोबत्यांना उपदेश करणाऱ्या असह्य सज्जनाचे.

रेंजर हा ॲरागॉर्नची नियमबद्ध प्रतिकृती होय. १९७५च्या उन्हाळ्यात 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात तो आला. मुष्टियुद्ध करणारा मंक आणि मारेकरी हे त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' पुरवणीतले. मंकवर हाँगकाँगच्या चित्रपटांची आणि त्या दशकातील कुंगफूच्या लाटेची छाप आहे. मारेकऱ्यावर आलामूतच्या इस्माइली निझारींविषयी युरोपने रचलेल्या दंतकथांची. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत हे दोन्ही पेशे मूळ यादीतून वगळले गेले. हा खेळ मुलांना बिघडवतो असा गिल्ला अमेरिकेत आधीच्या दशकात झाला होता, त्याची ही एक परिणती.

ड्रुइड आणि बार्ड यांच्यापाशी थोडे थांबावे लागते, कारण वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने सर्वांत संपन्न पेशे हेच. ड्रुइड १९७६च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' पुरवणीत आला. प्रत्यक्ष ड्रुइडांनी स्वतः लिहिलेले काहीच उपलब्ध नाही; त्यांच्याविषयीची प्राचीन माहिती सीझरसारख्या परकीयांकडून, आणि तीही शत्रूंच्या लेखणीतून, येते. नियमांतील ड्रुइड वनस्पतींचा रक्षक आणि प्राण्यांचे रूप घेणारा आहे. तो सीझरचा नव्हे, त्याच्यानंतर अठराशे वर्षांनी युरोपीय स्वच्छंदतावादाने कल्पिलेला आहे. बार्ड त्याच वर्षी 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'मध्ये डग श्वेगमन यांनी मांडला. नॉर्स स्काल्ड, केल्टिक बार्ड आणि दक्षिण युरोपातील मिन्स्ट्रेल या तिघांचा तो उघड संकर होता. एका लहानशा लेखात केलेला हा तुलनात्मक प्रयोगच म्हणावा लागेल. १९७८च्या प्रगत आवृत्तीने त्याला परिशिष्टात ढकलले आणि अटी अशा घातल्या की आधी योद्धा म्हणून किमान पाच पायऱ्या, मग चोर म्हणून पुन्हा तितक्या, आणि त्यानंतर ड्रुइडांकडे शिष्यत्व. त्याच्या विद्यापीठांची 'फॉक्लुकन'पासून 'ऑलव'पर्यंतची नावे मध्ययुगीन आयर्लंडमधील कवींच्या सात श्रेणींवरून घेतलेली आहेत. कवीची सात पदे आयरिश न्यायग्रंथांनी जपली आणि अमेरिकन खेळपुस्तकाच्या परिशिष्टाने ती पुन्हा छापली. ती ओळखू शकणारे खेळाडू कितीसे असतील! कवी होण्यासाठी आधी योद्धा आणि चोर व्हावे लागते, या अटीत एखाद्याला कटू सत्य दिसेल. खेळाडूंना मात्र ती केवळ लांबण वाटली. पेशा नावाजला गेला, खेळला क्वचितच गेला. प्रत्यक्ष टेबलावर त्याला जागा मिळाली ती १९८९नंतर, जेव्हा त्याची ही सारी विद्वत्ता उतरवून त्याला हरहुन्नरी माणूस करण्यात आले.

नियमांची दुसरी एक बाजू भारतीय वाचकाला अधिक बोचेल. १९७४च्या नियमांत पेशाखेरीज पात्राचा 'रेस' म्हणजे वंशही ठरे, आणि वंशावरून पेशा. ड्वार्फ केवळ योद्धाच होऊ शके, तोही सहाव्या पायरीपर्यंत; हॉबिट चौथ्यापर्यंत. मानवाला कोणतीही मर्यादा नव्हती. १९८१ साली टॉम मोल्डव्हे यांनी संपादिलेल्या प्राथमिक संचात हे टोकाला गेले : 'एल्फ', 'ड्वार्फ' आणि 'हाफलिंग' हेच पेशे झाले. मानवाने योद्धा, क्लेरिक, जादूगार, चोर यांतून निवडावे. ड्वार्फ जन्माला आला तो ड्वार्फपणाचाच धंदा करणार. जन्म हाच पेशा असण्याची कल्पना अमेरिकन खेळाडूला सुटसुटीतपणाची सोय वाटली. मराठी भाषांतरकाराला मात्र 'क्लास' या शब्दापुढे 'पेशा' लिहिताना हात आखडावा लागेल, कारण येथे नेमका नको असलेला शब्दच अचूक ठरतो. या मर्यादांचे जे समर्थन गायगॅक्स यांनी केले ते कथनात्मक होते : जग मानवकेंद्री राहिले नाही तर ते कल्पिता येणार नाही. २००० साली त्या सर्व मर्यादा काढून टाकण्यात आल्या. २०२४च्या आवृत्तीत 'रेस' हा शब्दही जाऊन 'स्पीशीज' आला.

भारत या खेळात राक्षसाच्या रूपाने लवकरच आला होता. पण १९७५मध्ये आलेला आणि १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियर यांच्या चित्राने प्रसिद्धीस पावलेला, व्याघ्रमुखी, पाइप ओढणारा राक्षस वाल्मीकींकडून आलेला नाही. ओळखीच्या माणसाचे रूप घेणे आणि मंत्रून दिलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरणे हे त्याचे विशेष १९७४च्या अखेरीस अमेरिकन दूरदर्शनवर दाखविल्या गेलेल्या 'कोलचॅक' या भयमालिकेच्या एका भागातले आहेत. याच्या उलट टोकाला मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई अभ्यासाचे प्राध्यापक असलेले, उर्दूच्या अध्यापनाची पुस्तके लिहिणारे एम. ए. आर. बार्कर. त्यांच्या १९७५च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'ने युरोपीय मध्ययुग साफ टाकून भारतीय, मध्यपूर्वेच्या आणि मेक्सिकोच्या प्राचीन संस्कृतींच्या घाटाचे, स्वतंत्र भाषा असलेले जग रचले. तरीही पेशे तीनच राहिले : योद्धा, पुरोहित, जादूगार. एवढा भाषाशास्त्रज्ञ जग बदलू शकला, ही त्रयी बदलू शकला नाही. एक नाझीवादी कादंबरी त्यांनी १९९१मध्ये टोपणनावाने लिहिली होती, ही गोष्ट त्यांच्या निधनानंतर, २०२२ साली, त्यांच्या निर्मितीचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेने मान्य केली. त्या जगाचे वाचन आता ती वगळून करता येणार नाही.

जपानमध्ये याच जन्मजात पेशाने एक वेगळे फळ दिले. १९८६ साली 'कॉम्प्टिक' या मासिकात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रत्यक्ष खेळाची संवादरूप नोंद क्रमशः छापली जाऊ लागली आणि तिच्यातून 'रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर' ही मिझुनो र्‍यो यांची कादंबरीमाला १९८८पासून आकारास आली. 'रिप्ले' नावाचा एक वाङ्मयप्रकारच तेथे रुजला. त्यातील सर्वांत लोकप्रिय पात्र डीडलिट ही एल्फ तरुणी. खेळाच्या टेबलावर ती एका पुरुष लेखकाने, यामामोतो हिरोशी यांनी, साकारली होती. पेशाच्या रकान्यात 'एल्फ' हा एकच शब्द असल्याने बाकी सारे, म्हणजे तिचा हट्ट, तिची असूया, तिचे प्रेम, हे बोलण्यातून घडवावे लागले.

२०१७ साली 'फाइव्हथर्टीएट' या अमेरिकन वृत्तसंस्थेने 'डी अँड डी बियाँड' या पात्ररचनेच्या संगणकीय साधनावर नोंदलेल्या पात्रांची गणना प्रसिद्ध केली. तयार केलेले प्रत्येक पात्र खेळले जातेच असे नाही, ही तिची मर्यादा मान्य करूनही तिचा कल लक्षणीय आहे. बारा पेशांत योद्धा पहिला, रोग दुसरा, आणि ड्रुइड शेवटचा. वंश व पेशा यांच्या जोड्यांमध्ये अग्रस्थानी होता मानवी योद्धा. ज्या मर्यादा मानवाचे महत्त्व टिकावे म्हणून घातल्या होत्या, त्या उठून सतरा वर्षे झाली होती.

स्रोतांचा शोध घेणाऱ्या अभ्यासाने येथे थोडे अडखळावे. तुर्पँ, ओजिए, आयरिश कवी, सीझरचे गॉल यांच्यामुळे पेशे कसे जन्मले ते सांगता येते; ते का आवडले हे त्यातून सांगता येत नाही. योद्ध्याला धड वंशावळच नाही. तो कोनन आहे, रोलां आहे, अकिलीझही आहे, म्हणजे कोणीच नाही. त्याच्यापाशी मंत्रांची यादी नाही, व्रत नाही, गुरू नाही, पद जाण्याचे भय नाही. ड्रुइड निवडणारा एक तयार झालेली कथा घेऊन बसतो आणि तिच्याशी इमान राखणे त्याला भाग पडते. योद्धा निवडणारा हातात तलवार घेऊन बसतो आणि आपण कोण हे तिसऱ्या-चौथ्या बैठकीला, सोबत्यांच्या बोलण्यातून, त्याच्या ध्यानात येऊ लागते. गायगॅक्स यांच्या खेळातील रॉब कुंट्झ यांचा रॉबिलार असाच एक योद्धा होता. त्याच्याविषयी आज सांगितले जाते ते सगळे त्याने काय केले याविषयीचे आहे. त्याच्या पेशाविषयी सांगण्यासारखे त्यात फारसे काही नाही.